एकीच्या बदल्यात दोन

पावसाळ्यात शेळगावचं कबड्डीचं मैदान कुणाच्याच कामाचं राहत नसे. शाळेमागची ती जागा जरा खोलगट होती. एक सर आली की तिथं चिखल व्हायचा आणि मग म्हशी त्याचा ताबा घ्यायच्या. खेळणाऱ्या मुली खुरपणीला, नाहीतर टोमॅटोच्या तोडणीला जायच्या. बाहेरच्या माणसाला वाटावं, गावात कबड्डी उरलीच नाही.

पण कबड्डीचा खरा कारभार चालायचा तो याच महिन्यांत. कोणती खेळाडू राहणार, कोणती जाणार, तिच्या बदल्यात कोण येणार, हे सगळं ऑगस्टअखेर ठरायचं. त्यानंतर प्रत्येक मंडळ आपल्या खेळाडूंची नावं संघटनेकडे नोंदवायचं आणि एकदा नाव नोंदलं की वर्षभर कुणाला हलता येत नसे. मंडळ बदलायचं तर जुन्या मंडळाची परवानगी लागे. ती मिळाली नाही, तर एक पूर्ण वर्ष कुणाकडूनच न खेळता घरी बसायचं. मग खेळाडू मोकळी. असं वर्षभर बसलेलं मात्र अजून कुणी पाहिलं नव्हतं. मुलींना आणखी एक वाट होती. लग्न झालं की परवानगी लागत नसे. सासरी निघालेल्या लेकीला अडवायचं कुणी, असा तो हिशेब होता.

संजीवनीला जायचं होतं बारामतीला. एकवीस वर्षांची ही उंच, सडपातळ मुलगी शेळगावच्या संघातली एकमेव खरी चढाईपटू, म्हणजे रेडर होती. तिचा दम लांब होता आणि पाय हलके होते. समोरच्या सात जणींना ती आधी नुसती झुलवायची आणि त्या कंटाळून पुढं सरकल्या की कडेच्या मुलीला टाचेनं शिवून परत यायची. तरी दरवर्षी शेळगावचा संघ दुसऱ्या फेरीत हरायचा. जिल्ह्याचा संघ निवडणारे लोक उपांत्य फेरीच्या दिवशी यायचे आणि तोवर शेळगावच्या मुली घरी पोचून भाकऱ्या थापत असायच्या. बारामतीचा संघ दरवर्षी शेवटपर्यंत जायचा. संजीवनीला जिल्ह्याकडून खेळायचं होतं आणि त्यासाठी निवडणाऱ्यांना ती एकदा दिसायला हवी होती. तिला एवढंच हवं होतं.

जुलैच्या एका सकाळी बारामतीच्या संघाच्या प्रशिक्षक तेजश्री मॅडम एसटीनं शेळगावात आल्या. त्या मोहनरावांना भेटल्या. मोहनराव म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, डाळिंबाचे बागायतदार. गावात मुलींचा संघ त्यांनीच उभा केला होता. घरोघर फिरून त्यांनी बापांना पटवलं होतं, पहिल्या वर्षी टीका ऐकली होती. आपल्या मुलींवर त्यांचा जीव होता आणि हक्कही होता. दोन्हींत फरक असतो असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

बोलणी शाळेच्या ओसरीवर बसली. चहा घेऊन संजीवनीच आली होती आणि तिला जा असं कुणी म्हटलं नाही, म्हणून ती खांबाला टेकून उभी राहिली.

"मी एक कॉर्नर देते," तेजश्री मॅडम म्हणाल्या. "डाव्या कोपऱ्याची मुलगी आहे. तिनं घोटा धरला की सुटत नाही."

"एका रेडरला एक कॉर्नर?" मोहनराव हसले. "मॅडम, आमी आडाणी असू, पण येवढं बी न्हाय. दोन द्या. एक कोपऱ्याची, एक मधली."

"दोन दिल्या तर माझ्या संघात काय राहिलं?"

"रेडर राहिली की! गावाला एक निघती अशी."

"रेडर एकटी खेळते का, मोहनराव? ती बाद होऊन बसली की तिला परत आत आणायला पकडी करणाऱ्या मुली लागतात. त्याच तुम्ही मागताय."

"मग आमाला काय लागतंय? आमाला बी त्याच लागत्यात. म्हणून तर दोन मागतोय."

तेजश्री मॅडमनी बशीतला चहा संपवला. "ही एकवीसची आहे. यंदा हिला मोल आहे. पुढच्या वर्षी मी फलटणची एखादी सतरा-अठराची बघेन, मग तुम्ही एकीच्या बदल्यात अर्धी मागितलीत तरी मी येणार नाही."

"बघा की. फलटण काय लांब न्हाय."

बोलणी तिथंच अडली. जाताना मॅडम संजीवनीजवळ थांबल्या. "तुला यायचंय का?" त्यांनी विचारलं. ओसरीवर तासभर बोलणं झालं होतं, त्यात हा प्रश्न पहिल्यांदाच आला.

"यायचंय," संजीवनी म्हणाली.

"बघ मग. ऑगस्टपर्यंत जागा ठेवते."

घरी बापाला हे कळलं तेव्हा तात्याबा वांग्यांची पाटी डोक्यावरून उतरवत होते. "एकीच्या बदल्यात दोन?" ते म्हणाले. "मोहनरावाला माझी लेक खोंड वाटली का काय?"

"खोंडाला इचारत न्हाईत, आप्पा. मला मॅडमनी इचारलं."

"आन् मोहनरावानं?"

संजीवनीनं पाटीतली किडकी वांगी बाजूला काढायला घेतली.

ही बातमी भिगवणला पोचायला आठवडाही लागला नाही. तिथले आबाजी माशांचे व्यापारी, तिथल्या मुलींच्या मंडळाचे आधारस्तंभ आणि एका लग्नाच्या मुलाचे बाप. शेळगावची रेडर परवानगीपायी अडकली आहे हे त्यांनी ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मध्यस्थाला धाडलं. परवानगीचा प्रश्नच येणार नाही अशी वाट त्यांच्या घरातच होती, तिचं नाव विशाल.

पाहुणे आले. फुलाबाईंनी पोहे केले आणि लेकीला हिरवी साडी नेसवली. मुलगी बघायला आलेला माणूस तिला चालायला लावतो, नाव लिहायला सांगतो, हे फुलाबाईंना माहीत होतं. आबाजींनी तिला नाव विचारलं नाही.

"पोरी, गुडघा दुखतो का कवा?" ते म्हणाले.

"न्हाय."

"घोटा? मुरगळला बिरगळला हुता?"

"गेल्या साली उजवा. बरा झाला."

"उजवा व्हय," आबाजी गंभीर झाले. "आन् रेड उजवीकडनं टाकतीस का डावीकडनं?"

"दोन्हीकडनं."

"दोन्हीकडनं!" त्यांनी मध्यस्थाच्या मांडीवर थाप मारली. "जरा दम दाखीव की. एका श्वासात किती जातीस?"

फुलाबाई दारातून पुढं आल्या. "अवं पावनं, सैपाकाचं बी इचारा काय तरी."

"सैपाक आमच्यात हाय की करणारी. तुमी पोरीला म्हनू द्या."

संजीवनीनं डोक्यावरचा पदर सावरला, श्वास घेतला आणि मान खाली घालून "कबड्डी कबड्डी" सुरू केलं. मध्यस्थ बोटांवर मोजत होता. तात्याबा आढ्याकडे बघत होते. आबाजींच्या बशीतले पोहे खाऊन संपले तरी तिचा दम चालूच होता, शेवटी तेच हात वर करून म्हणाले, "बास, बास. मुलगी पसंत हाय."

मग रीतीप्रमाणं मुलाला आणि मुलीला परसात दोन शब्द बोलायला सोडलं. विशाल चांगला होता. त्याचा आवाज हळू होता आणि वडलांच्या प्रश्नांची त्याला लाज वाटली होती, हे त्याच्या कानांवरून कळत होतं.

"तुला खरंच भिगवणकडनं खेळायचंय का?" त्यानं विचारलं.

"न्हाय. बारामतीकडनं."

"मला वाटलंच हुतं. एक सांगू? आबांना वाटतंय, सून आली म्हंजे त्यांच्याच मंडळात खेळणार. तसं नियमात कुठंच न्हाय. मी संघटनेत इचारून आलोय. लगीन झालं की मुलगी मोकळी. मग तिनं कुठंबी नाव घालावं."

संजीवनीनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. सगळा तालुका लग्नानं खेळाडू सासरच्या गावाला मिळते असं धरून चालला होता, कारण आजवर गेलेली प्रत्येक मुलगी निमूट सासरच्या मंडळातच गेली होती किंवा खेळायची थांबली होती. नियम वाचायची गरज कुणाला पडली नव्हती.

"म्हंजे मी बारामतीला जाऊ शकते?"

"मी मोटरसायकलवर सोडीन सरावाला."

"आन् तुमच्या वडलांना काय सांगायचं?"

"ते लगीन झाल्यावर बघू."

गोठ्याशेजारी शेवग्याचं झाड होतं. त्याची गळलेली फुलं ती पायाच्या बोटानं उगाच पुढं ढकलत राहिली. बारामती इतकी जवळ आजवर आली नव्हती.

"एक इचारते, खरं सांगा," ती म्हणाली. "मला खेळाय येत नसतं, तर तुमी हितं आला असता का?"

विशालनं खोटं बोलण्याचा विचार केला असावा, पण त्याला ते जमलं नाही. "न्हाय," तो म्हणाला. "आबांनी नावच काढलं नसतं."

ती हसली. त्यालाही हसू आलं आणि दोघं घरात गेली.

दोन-तीन दिवसांनी तोडणीच्या पाळीत संजीवनीनं विशालचं सगळं बोलणं पिंकीला सांगितलं आणि तरी नकार द्यायचाय म्हणाली. पिंकी तिच्या शेजारच्या सरीत टोमॅटो तोडायची. ती संघातली कोपऱ्याची खेळाडू आणि तोंडानं फटकळ. "अगं, पोरगं चांगलं हाय, मोटरसायकल हाय, बारामती हाय," ती म्हणाली. "अजून काय हेलिकॉप्टर पायजे तुला?"

"आज मोहनकाकांची परवानगी लागती. तितं गेल्यावर आबाजींची लागंल. ती न्हाय मिळाली तर नवऱ्याची. सांजच्याला निघताना रोज कुणाला तरी इचारायचं. मोहनकाकांची एकदाच लागणार हाय."

"पण ते देत न्हाईत की!"

"मग न देऊ देत."

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ती मोहनरावांच्या डाळिंबाच्या बागेत गेली. ते फवारणीच्या पंपाची नळी साफ करत होते.

"काका, भिगवणच्या पाहुण्यांना न्हाय म्हणून सांगितलं."

मोहनरावांचा चेहरा खुलला. "शाबास! मला ठावं हुतं. घरची पोर घरीच राहती."

"हितं बी नाव घालू नका माझं."

नळीतलं पाणी त्यांच्या चपलांवर सांडत राहिलं. "म्हंजे?"

"यंदा कुणाकडनंच खेळणार न्हाय. पुढच्या साली मोकळी हुईन, मग बारामतीला जाईन. आजच परवानगी दिली, तर मॅडम अजून कॉर्नर देतील. तुमाला एक मिळंल, मला माझं मिळंल. न्हायतर तुमाला काहीच न्हाय."

"मला धमकी देतीस का?"

"न्हाय काका. काय हुणार ते सांगितलं. तुमाला आधी कळावं म्हणून आले."

"तुझ्या आप्पाच्या उंबऱ्यावर मी तीनदा आलो हुतो, पोरीला खेळू दे म्हणून. इसरलीस?"

"इसरले न्हाय. म्हणून तर चोरून लग्नाच्या वाटंनं गेले न्हाय."

मोहनराव बराच वेळ नळीत फुंकर मारत राहिले. एकवीस वर्षांची मुलगी वर्षभर घरी बसेल आणि तरी तिला कुणी लग्नावाचून ठेवेल, हे त्यांना खरं वाटेना. "दोनच पायजेत," ते शेवटी म्हणाले. "एकीवर न्हाय जमायचं."

ती नमस्कार करून निघाली.

दसऱ्यानंतर मैदान वाळलं आणि स्पर्धा सुरू झाल्या. संजीवनी पहाटे कालव्याच्या कडेनं पळायची, दिवसा रानात जायची. इंदापूरच्या स्पर्धेला ती पिंकीचा खेळ बघायला गेली आणि दोरीबाहेर शेंगा खात उभी राहिली. शेळगावचा संघ पहिल्याच फेरीत हरला. मोहनराव घाम पुसत तिच्याजवळ आले.

"बघ, तुझ्यापायी झालं हे."

"मी तर आत नव्हतेच, काका."

"त्येच म्हणतोय मी," ते म्हणाले. मग त्यांनी तिच्या हातातल्या पुडीतल्या चार शेंगा घेतल्या आणि दोघांनी उरलेले सामने उभ्याउभ्या पाहिले.

तेजश्री मॅडमनी त्या वर्षी फलटणची एक अठराची मुलगी आणली. तिच्या जोरावर बारामती जिंकली आणि ती मुलगी जिल्ह्याच्या संघात गेली. ही बातमी संजीवनीला पिंकीनं सांगितली, ते सुद्धा तोंड दुसरीकडे करून.

वर्ष सरलं. पुढच्या ऑगस्टमध्ये संजीवनी बारामतीच्या मैदानावर गेली. निवड चाचणीला शाळा-कॉलेजच्या मुलींची रांग लागली होती. तेजश्री मॅडमनी तिला ओळखलं, पण रांगेतून पुढं बोलावलं नाही.

"परवानगी?"

"लागत न्हाय. मोकळी हाय मी."

"बसलीस खरी वर्षभर." मॅडमनी तिच्या पायांकडे पाहिलं. "माझ्याकडे आता रेडर आहे. जागा आहे ती राखीव. कदाचित सगळा हंगाम बाकावर जाईल. आणि तीही आज खेळून मिळवावी लागेल, या पोरींसारखीच."

"चालंल."

"गेल्या वर्षी मी तुझ्यासाठी माझा डावा कोपरा देत होते. आज तुझ्यासाठी मला कुणालाच काही द्यायचं नाही. कळतंय ना?"

"कळतंय की," संजीवनी म्हणाली. "मलाबी कुणाला काय द्यायचं न्हाय."

ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा ऊन चढलं होतं. पहिल्या चढाईत ती डावीकडे झुकली आणि दहावीतल्या एका मुलीनं तिचा घोटा असा धरला, की ती तोंडावर आपटली. मागच्या मुली हसल्या. वर्षभर कालव्यावर पळून दम राहिला होता, पण समोरच्या हातांचा अंदाज गेला होता.

ती उठली, कोपराची माती झटकली आणि घोटा धरणाऱ्या मुलीला विचारलं, "कोणत्या पायाचा अंदाज आला तुला?"

"डाव्याचा," ती मुलगी बुजून म्हणाली. "तुम्ही आधी तिकडं बघितलं, ताई."

"बरं झालं सांगितलंस."

मॅडमनी हातातल्या शिट्टीशी चाळा केला, रांगेकडे पाहिलं, आणि मग मध्यरेषेकडे बोट दाखवलं. "अजून एक घे."

संजीवनी रेषेवर गेली. तिनं श्वास भरला आणि या वेळी कुणाकडेच न बघता आत शिरली.