भिंतीवरचं वर्तुळ

मुलीने नववं चित्र कपाटाच्या दाराला चिकटवलं आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं. पेन्सिलीने काढलेल्या, तिच्या छोट्या सिनेमाच्या नऊ चौकटी. प्रत्येकीत तीच भिंत, तेच स्टूल आणि भिंतीवर खिळ्याखाली त्याच जागी एक वर्तुळ. नाचणारी कुठेही गेली तरी कॅमेरा हलणार नव्हता. कपडे राखाडी, उजेड खिडकीतून येईल तेवढाच. शेवटच्या चौकटीत नाचणारी स्टुलावर येऊन बसायची आणि तिचं डोकं नेमकं त्या वर्तुळात टेकायचं.

आई बाजूला चादरींच्या घड्या घालत होती.

"सगळा नाच त्या भिंतीला चिकटूनच का? बाकीचं घर काय भाड्याने दिलंय?"

मुलगी नुसती हसली.

वर्तुळ म्हणजे बाबांच्या डोक्याचा डाग. याच स्टुलावर बसून ते घड्याळं दुरुस्त करायचे. मधूनमधून डोळ्याचं भिंग काढायचे आणि मान मागे टाकायचे. तेल चोपडलेलं डोकं बावीस वर्षं एकाच जागी टेकलं, तर भिंतीचा काय दोष? त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आई मात्र ते असतानाही करवादायची आणि अजूनही. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर शोभा होते, एकदा रंगाचा हात मारून टाक. म्हणून सिनेमा कशाबद्दल आहे हे मुलीने घरात सांगितलंच नव्हतं. कॉलेजात सरांनी विचारलं तेव्हाही 'वाट बघण्याबद्दल' एवढंच म्हणून सुटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाचणारी मैत्रीण उजेड बघायला आली. खिडकीला लावायचं पांढरं कापड आणायला मुलगी बाजारात गेली, ती अर्ध्या तासाने परतली. मैत्रीण घामाघूम होऊन भिंतीपाशी उभी होती. हातात घासणी, पायाशी साबणाच्या पाण्याची बादली. भिंत ओली आणि गोरीपान.

काकू म्हणतच होत्या, तेव्हा म्हटलं तेवढं काम उरकून टाकावं, असं ती सांगत होती. शिवाय चित्रात दिव्याचा गोल पडतो, डाग नेमका तिथेच होता. किती वाईट दिसलं असतं.

मुलगी कापडाची गुंडाळी छातीशी धरून उभी राहिली.

"तो गोल दिव्याचा नव्हता गं," ती म्हणाली. "बाबांचा होता."

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा कपाटावरच्या चित्रांकडे.

"बरं झालं, गेली एकदाची घाण," ती म्हणाली आणि बादली उचलून न्हाणीघरात गेली. अर्धी बादली पाणी ओतायला तिला बराच वेळ लागला.

मैत्रीण चारचारदा माफी मागून गेली. मुलीने दुपारभर रंगाच्या पेटीतला तपकिरी रंग पाण्यात कालवून पाहिला. डाग उमटला, पण छत गळाल्यासारखा. तो पुसला. मग एकेक चित्र उतरवून ती बाहेर गेली, उगाचच, रस्त्याच्या टोकापर्यंत.

परत आली तेव्हा खोलीत खवट वास होता. आई स्टुलावर बसलेली, पाठ ताठ, डोकं भिंतीला. केस तेलाने निथळत होते. टेबलावर बाबांची तेलाची बाटली होती. ती अजून घरात आहे, हे मुलीला माहीत नव्हतं.

"उंची कमी पडतेय," आई मान न हलवता म्हणाली. "डाग त्या खिळ्याच्या चार बोटं खाली होता. तुझं ते जाडं पुस्तक दे बसायला."

मुलीने शब्दकोश दिला. आई त्यावर बसली, जरा मागेपुढे सरकली आणि तिने पुन्हा डोकं टेकवलं. भिंतीवर पुसट काहीतरी दिसू लागलं.

"पुरे आई. आलाय."

"एवढ्यात?" आईचे डोळे मिटलेले होते. "त्यांना बावीस वर्षं लागली."

मग म्हणाली, पाच मिनिटांनी उठते. मुलीने चित्रं मांडीवर घेतली आणि जमिनीवर बसली. खिडकीतला उजेड खिळ्यावरून आईच्या कपाळावर आला, तिथून खांद्यावर आणि शेवटी फरशीवर उतरून गेला. आई उठली नव्हती, मधूनच डोकं तेवढं नेमकं जागेवर टेकवत होती.