बाईसाहेब पिल्लं हलवतात

ऑपरेशन होऊन बारा दिवसांनी मी घरी आले, तेव्हा बाईसाहेबांना पिल्लं होऊन पाच दिवस झाले होते. बाईसाहेब म्हणजे आमची कुत्री. तिचा तोरा पाहून माझ्या नवऱ्यानेच हे नाव ठेवलेलं. बाळंतपण ह्यांनी एकट्यांनी निभावलं होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज चारही पिल्लांची वजनं घ्यायची, ओळखू यावीत म्हणून गळ्यात निरनिराळ्या रंगांची लोकर सैलसर बांधायची, अशक्त पिल्लाला ड्रॉपरने दूध पाजायचं, सगळं अगदी घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसल्यासारखं नेमकं. मला कौतुक वाटायला हवं होतं. पण ज्या माणसाला साधं दूध उतू न जाऊ देता तापवता येत नाही, त्याला हे जमलं कसं? मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी पिल्लं एकेक करून आमच्या खोलीतून कपाटामागे नेली आणि तिसऱ्या दिवशी तिथून थेट मोरीजवळ. मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"कुणाचा भरवसा वाटला नाही की हलवतात," त्या म्हणाल्या. "घरात माणसं किती?"

"आम्ही दोघंच."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

मग मी डोळ्यांत तेल घालून ह्यांच्यावर नजर ठेवली. आवाज तोच, भुवईवरचा व्रण तोच. पण जेवताना हे माझ्याकडे टक लावून बघत आणि मी मान वर केली की नजर काढून घेत. मी खोलीत शिरले की बाईसाहेबांशी चाललेलं बोलणं तोडत. एकदा सोफ्यावर आम्ही खेटून बसलो होतो, ह्यांच्या मांडीवर पिवळ्या लोकरीचं पिल्लू होतं. डोळे न उघडलेली पिल्लं उबेकडे सरकतात, पण ते मात्र मांडीवरून पलीकडे धडपडत सोफ्याच्या टोकाला जाऊन केकाटू लागलं. ह्यांनी पटकन माझ्याकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

खोटं कशाला बोलू, मी घाबरले होते. तीस वर्षांच्या संसारातला माणूस मला हवा होता, त्याच्यासारखा दिसणारा कुणी नको होता. बहीण तिच्याकडे ये म्हणत होती. राहायचं की जायचं, तेवढं ठरवायचं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी ते अशक्त पिल्लू पलंगाच्या मधोमध ठेवलं.

"अहो, समोर बसा. हात पुढे करा."

कशाला, असं ह्यांनी विचारलंच नाही. जणू त्यांनाही हेच करून बघायचं होतं. मीही माझे हात चादरीवर ठेवले.

पिल्लाने नाक हलवलं आणि माझ्याकडे वीतभर सरकलं. माझा जीव भांड्यात पडला. माझ्या बोटांपाशी येऊन ते थांबलं, थरथरलं आणि मग उलटं वळून, अंगात होतं नव्हतं ते बळ लावून ह्यांच्याकडे सरपटत गेलं. ह्यांच्या तळहातात शिरल्यावरच ते शांत झालं.

"माझे हात गार असतील," मी म्हणाले.

पिल्लाला छातीशी धरून हे उठले आणि दारापर्यंत मागे सरकले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"रागावू नकोस," ते हळूच म्हणाले, "पण माझी बायको घरी कधी येणार आहे?"