रामूच्या काड्या

"एकवीस मिन्टं," हौसाने मोबाइल बघून सांगितलं. "काल पन एकवीसच."

होडीतलं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन आचका देऊन गप्प झालं. काळूराम मिस्त्री त्यावर तळहात ठेवून बसला होता. चाळीस वर्षं त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून रोग ओळखले. आता कानच गेले होते. म्हणून हात.

"मोठ्यान् बोल, वयनी. मना आयकू येत नाय."

"काय बोलू, भावजी? दोन मिस्त्री झाले. एकान् फिल्टर बदलला, एकान् नोजल धुतला. खाडीच्या मदी बंद पडतं. दुपारी विनायक टेम्पो घेऊन येतंय, देऊन टाकते त्याला भंगारात. मंग होडी पन गेली. या वयात मी काय वल्ही मारू?"

काळूरामला काळजीपेक्षा नवल जास्त वाटत होतं. बिघडलेलं इंजिन घड्याळ बघून बंद पडत नाही.

"बंद पडल्यावर काय करतेस तू?"

"टाकीचं झाकन उघडून डिझेल बघते. असतं. झाकन लावते, हँडल मारते. लगेच चालू."

"झाकन न उघडता मारलंय कदी?"

हौसा विचारात पडली. "नाय."

काळूरामने हँडल मारलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. घामाने बनियन भिजलं, इंजिन हललं नाही.

"आता झाकन उघड. नि नीट कान दे. माज्यासाठी तू आयक."

हौसाने झाकण फिरवलं. "सुस्स झालं! आत वारा गेल्यासारखं."

काळूराम हसला. "टाकी श्वास मागत व्हती. डिझेल भायेर जातं, तेवडी हवा आत यायला पायजे. झाकनाला भोक असतं त्यासाठी, बारीकसं. दाव बघू."

झाकण आकाशी रंगाचं, गुळगुळीत, चकचकीत. भोक कुठेच नाही.

"रंग कोनी मारला?"

"मी!" हौसाची मान ताठ झाली. "नारळी पुनवेला. दरसाल हे मारायचे. औंदा हे नाय, तर मी मारला. दोन हात. एक कोपरा सोडला नाय, भावजी."

मग तिची नजर झाकणावर गेली आणि तिचं बोट त्यावर भोक चाचपू लागलं.

काळूरामने तिच्याकडून पिन मागून घेतली आणि हळूहळू रंग कोरला. आकाशीखाली हिरवा, हिरव्याखाली लाल, लालखाली पिवळा. आणि या सगळ्यांच्या मधोमध, तळापर्यंत स्वच्छ, गोल भोक. फक्त वरचा आकाशी रंगच त्यात उतरून सुकला होता.

"गंमत बघ, वयनी. रामूने येवड्या वेळा रंग मारला, पन भोक एकदा बुजलं नाय. कसं काय?"

हौसा उठली. फळीखालून तिने नवऱ्याचा हत्यारांचा पत्र्याचा डबा ओढला. पाने, वायसर बाजूला सारले. तळाला काडीपेटीतल्या तीन काड्या निघाल्या. गुल मोडलेल्या. एकीचं टोक हिरवं, एकीचं लाल, एकीचं पिवळं.

"ह्या फेकनार व्हते मी," ती म्हणाली. "येडा मानूस, काड्या कशाला जपतो, म्हनून लय हसले व्हते त्यांना."

काळूरामने हिरवी काडी भोकात घातली. बरोब्बर बसली. मग काढून तिच्या हातात दिली, झाकण लावलं आणि हँडल मारलं.

वीस मिनिटं झाली. एकवीस. हौसाने मोबाइल पदराखाली झाकला, बघवेना. काळूरामचा तळहात इंजिनवरच होता. पंचविसाव्या मिनिटाला काठावर टेम्पोचा हॉर्न वाजला. तो त्याला ऐकू आला नाही. हौसाने मागे न बघताच हात हलवून विनायकला परत जायला सांगितलं.

मग तिने पुनवेचा उरलेला रंगाचा डबा उघडला. वरची साय काडीपेटीतल्या एका नव्या काडीने फोडली, गुल मोडला, ते टोक आकाशी रंगात बुडवलं आणि ती काडी त्या तीन काड्यांच्या शेजारी वाळत ठेवली.