धाकट्या राणीचा चमचा

टीव्हीवरच्या धाकट्या राणीने औषधाचा चमचा आधी स्वतःच्या ओठांना लावला, घोटभर घेतलं आणि मग तो आजारी थोरल्या राणीच्या तोंडाशी धरला. समोर झबल्याला बंद शिवत बसलेल्या सिस्टरने दोरा दातांनी तोडला आणि समाधानाने मान हलवली. बोलका आरसा, उडते घोडे, जळात राहणारा राक्षस, यांतलं तिला काही खरं वाटत नसे. खरी होती ती ही राणी. आधी दाई म्हणून वाड्यात आली, मग राणी झाली, आणि सवतीच्या पोरीला तिने पोटच्या पोरीसारखं वाढवलं.

मग धाकटी राणी आपल्या दालनात गेली. दार लावून तिने आरशामागची हिरवी कुपी काढली आणि घटाघटा प्यायली.

"विष दोघींनी घेतलं," आरसा म्हणाला, "उतारा एकीनेच."

राणी हसली. भाग तिथेच संपला.

"बघा!" शेजारच्या काकूंनी मांडीवर थाप मारली. नेमकी ही मालिका सुरू झाली तेव्हापासून काकूंचा टीव्ही बिघडलेला होता आणि तो दुरुस्त करायची त्यांना काही घाई नव्हती. "मी पहिल्यापासून म्हणतेय, सावत्र ती सावत्रच. सुरी सोन्याची झाली म्हणून काय उरात मारून घ्यायची?"

बोलून झालं आणि काकूंनी जीभ चावली.

"तुमचं नाही हो म्हणत मी."

"कळलं मला," सिस्टर म्हणाली.

काकू चपला घालून गेल्या, रोजच्यासारख्या दारात घुटमळल्या नाहीत. सिस्टर सुईत नवा दोरा ओवायला बसली. दोरा काही केल्या जाईना.

ती या घरात आली होती ती एका मरणाऱ्या बाईची नर्स म्हणून. त्या बाईची लहान मुलगी तिला सिस्टर म्हणायची. बाई गेली, पुढे सिस्टरचं मुलीच्या बापाशी लग्न झालं, काही वर्षांनी बापही गेला. मुलीच्या तोंडचं सिस्टर काही सुटलं नाही. सिस्टरने तिचं नाव खारूताई ठेवलं होतं, कारण ती गालात घास धरून बसायची. आता खारूताई लग्न होऊन लांबच्या शहरात राहत होती आणि तिचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाला सिस्टरने जायचं हे ठरलेलंच होतं. कपाटाजवळ पिशवी भरून तयार होती.

बाई गेली तेव्हा तिची बहीण, म्हणजे खारूताईची मावशी, भरल्या घरात बोलली होती, "औषधाच्या बाटल्या हिच्याच हातात होत्या. काय दिलं न् काय नाही, देव जाणे." सगळे जमिनीकडे बघत बसले होते. तेव्हा एवढीशी खारूताई उठून उभी राहिली. "मावशी, आईला द्यायच्या आधी सिस्टर प्रत्येक औषध स्वतः घ्यायची. मी पाहिलंय." ते खरंच होतं. डॉक्टर रागवायचे, नर्सने असलं काही करायचं नसतं. पण कडू औषध आपण आधी जिभेवर घेतलं की रोगी निमूट घेतो, हा सिस्टरचा अनुभव. मावशीचं तोंड त्या दिवशी बंद झालं ते झालंच.

सिस्टरच्या बाजूने जगात एवढी एकच साक्ष होती. आज कुणा गोष्ट लिहिणाऱ्याने बसल्या बसल्या ती पुसून टाकली होती.

एरवी मालिकेचं शेवटचं गाणं संपायच्या आत फोन वाजायचा. खारूताई प्रधानाला शिव्या घालायची, राक्षसाची बाजू घ्यायची, आणि दोघी हसून हसून दमायच्या. आज गाणं संपलं, जाहिराती संपल्या, बातम्या लागल्या. सिस्टरने पुसलेला ओटा पुन्हा पुसला. आपणच करावा का फोन? पण करून सांगायचं काय? चोराच्या मनात चांदणं, असंच वाटेल कुणालाही. आपण काही केलेलं नाही, हे तिने स्वतःलाच दोनदा सांगितलं, आणि सांगावं लागलं म्हणून तिला जास्तच भीती वाटली.

फोन आला तेव्हा बातम्याही संपत आल्या होत्या.

खारूताई पायांच्या सुजेबद्दल बोलली. नवऱ्याने भात करपवला, ते सांगितलं. मालिकेचं नाव काढलं नाही.

"भाग बघितलास?" सिस्टरने विचारलं.

"बघितला. काहीतरीच दाखवतात." मग ती म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस हं. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे."

सिस्टरने बातम्यांचा आवाज बंद केला. इतक्या वर्षांत खारूताई तिच्याशी भांडली होती, रुसली होती, दार आपटून गेली होती. हे वाक्य म्हणायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

"मावशीचा फोन चालू होता, म्हणून उशीर झाला," खारूताई म्हणाली. "ती पण बघते मालिका. ती म्हणतेय, बाळंतपणाला तीही येते. दोघी असलेल्या बऱ्या ना?"

"बऱ्याच की," सिस्टर म्हणाली. मग तिने आवाजात हसू आणलं. "असं करू या. तुझं खाणंपिणं, तुझी औषधं, बाळाची गुटी, सगळं मावशीच्या हाती देऊ. मी आपली दुपटी धुईन."

एवढं बोलून ती थांबली. खारूताईचा स्वभाव तिला ठाऊक होता. आता भडकेल, म्हणेल, वेड लागलंय का तुला, मला तुझ्याच हातचं लागतं. सिस्टरने फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता.

"चालेल," खारूताई म्हणाली. "तुलाही दगदग कमी."