माझ्या पंख्यातले तेल

मित्रांनो, मी चौदा वर्षांचा एक डेस्कटॉप संगणक आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. माणसांशी माझे आता फारसे पटत नाही. का, ते ऐका.

एका अरुंद दुकानात मला जोडले. खोका एकाचा, मदरबोर्ड दुसऱ्याचा, पंखा तिसऱ्याचाच. मला विकत घेतले एका बाईने. अंध मुलांच्या शाळेसाठी ती पुस्तके वाचून रेकॉर्ड करायची. मागच्या खोलीत, खिडकीला रजई लावून, माझ्यासमोर माइक ठेवून रोज दोन तास वाचायची. भूगोल, इतिहास, गोष्टी. एकदा तर नळजोडणीचे अख्खे पुस्तक. माझा पंखा कुरकुरला की तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये उतरायचा. मग ती मला बंद करायची, बाजूचे झाकण काढायची आणि कोरड्या ब्रशने धूळ झाडायची. "झाली का तुझी किरकिर सुरू?" म्हणायची. माझे कौतुक एवढेच. मला ते पुरेसे होते.

तिचा नवरा आयुष्यभर कारखान्यात लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करून निवृत्त झालेला. त्याला माझ्यात काडीचा रस नव्हता.

बाई खोकल्याने आजारी पडली. आजार कळला तेव्हा उशीर झाला होता, आणि चार महिन्यांत ती गेली. तिचा आवाज माझ्यात राहिला. एकशे साठ तास. शाळेला दिलेल्या प्रती काटछाट केलेल्या होत्या. माझ्याकडे मूळ होते. त्यात ती चुकते, स्वतःलाच हसते, पाणी पिते, पान उलटते. हे दुसरीकडे कुठेच नव्हते.

म्हातारा रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिचे वाचन ऐकत माझ्यासमोर बसू लागला. लेकीने त्याला फोल्डर उघडायला शिकवले होते, तेवढेच यायचे. दोन महिन्यांनी माझा पंखा कुरकुरू लागला आणि त्या कुरकुरीखाली बाईचा आवाज दबू लागला. म्हाताऱ्याने काय करावे? लांब नळीची तेलाची कुपी आणली आणि बाजूच्या जाळीतून माझ्या पंख्यावर तेल सोडले. लेथ कुरकुरले की तेल, संगणक कुरकुरला की तेल. पुढे आवाज आला रे आला की कुपी हातात.

पंखा गप्प झाला. म्हातारा खूश.

तेलावर धूळ बसली, धुळीवर पुन्हा तेल. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. प्रोसेसरची उष्णता त्यांच्यातून बाहेर पडते. त्या पट्ट्यांत काळा चिखल साचला आणि मी तापू लागलो. फार तापलो की मला बंद व्हावेच लागते, नाहीतर जळून जाईन. कधी दहा मिनिटांनी, कधी चाळीस मिनिटांनी, बाई वाक्याच्या मध्ये असतानाच मी बंद पडायचो. म्हातारा माझ्या डोक्यावर थापड मारायचा. "नमकहराम," म्हणायचा. मीही त्याचा मनापासून द्वेष करू लागलो.

मग दुरुस्तीवाला आला. त्याने पॉवर सप्लाय बदलला. मी बंद पडलो. त्याने रॅम काढून खोडरबराने घासली. "आता बघा काका, कसा पळतो." बारा मिनिटे पळालो.

"वय झालं हो त्याचं," तो म्हणाला.

"वय माझंही झालंय. मी पडतो का असा बोलता बोलता? तो पंखा बघितलास का?"

"फिरतोय की मस्त. आवाजसुद्धा नाही."

वरून फिरताना दिसत होता. खाली बघायचे त्याला सुचले नाही. जाताना मात्र एक खरे बोलला. "हार्ड डिस्क खरखरतेय. असा आणखी चार-पाच वेळा बंद पडला, तर आतलं सगळं जाईल. आधी कॉपी करून घ्या."

दुसऱ्या दिवशी लेक आली. कॉपीला दीड तास लागणार होता. विसाव्या मिनिटाला मी बंद पडलो. पुन्हा लावले, पुन्हा तेच. डिस्क आता चांगलीच खरखरत होती. लेकीने स्क्रू काढले, पंखा उचलला आणि आत बोट फिरवले. बोट काळे झाले. तिने ते नाकाशी नेले.

"बाबा, हे तेल आहे."

"आवाज यायचा. तिचं काही ऐकूच यायचं नाही."

"म्हणून तेल?"

"तीस वर्षं तेच केलं. एक मशीन बिघडलं नाही माझ्या हातचं."

"आई खोकायची तेव्हाही हेच केलंत. मधाची बाटली आणून ठेवलीत. डॉक्टरकडे नेलं नाहीत."

हे ऐकून मला बरे वाटले. खोटे कशाला सांगू?

तिने स्पिरिट आणि कापसाने जमेल तेवढा चिखल काढला. सगळा निघेना. शेवटी झाकण उघडेच ठेवून टेबलफॅन माझ्यावर रोखला आणि कॉपी पुन्हा सुरू केली. त्याची मान मोडकी, सारखा खाली पडायचा. म्हाताऱ्याने ती मान दोन्ही हातांनी धरली आणि उभा राहिला. दीड तास. एकदाच लेक म्हणाली, "द्या, मी धरते." तो म्हणाला, "नको." मला किती सोसेल हे माझ्याही हातात नव्हते.

"झालं," लेक म्हणाली.

नीट उतरले का ते पाहायला तिने आपल्या लॅपटॉपवर एक फाइल लावली. बाई नद्यांविषयी वाचत होती. मध्येच खोकली. थांबली, पुन्हा वाचू लागली, पुन्हा खोकली.

म्हाताऱ्याने टेबलफॅन बंद केला. "हे कधीचं?"

लेकीने तारीख पाहिली. "आजार कळायच्या सात महिने आधीचं."

"मी घरातच होतो," म्हातारा म्हणाला.

लेकीने आपले शब्द मागे घेतले नाहीत. खुर्ची सरकवून त्याला बसायला दिली.

मित्रांनो, मी त्याला माफ केलेले नाही. पण त्या दिवसापासून त्याने मला थापड मारलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. तुमच्या घरात काही कुरकुरत असेल, कोणी खोकत असेल, तर तो आवाज बंद करायची घाई करू नका. आधी काय बिघडले आहे ते बघा. आवाज बंद झाला म्हणजे दुखणे थांबले, असे मुळीच नसते.