दुसऱ्या चौकोनातलं वाक्य

पाळणाघराच्या मावशी रोज दुपारी प्रत्येक आईला दोन-तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवायच्या. मुलाची झोप, जेवण आणि स्वतःचे गुडघे, सगळं एका दमात. मी ऑफिसात मीटिंगमध्ये, ऐकणार कधी? म्हणून एआयचा एक फ्लो बनवला. कोड लिहावा लागत नाही, स्क्रीनवरचे चौकोन रेघेनं जोडायचे. पहिला चौकोन मेसेज लिहून काढतो, दुसऱ्यात आपण सूचना लिहायच्या, तिसरा छोटा तक्ता करून फोनवर धाडतो: किती झोपली, काय खाल्लं, किती रडली.

दुसऱ्या चौकोनात मी काय लिहिलं होतं, ते जसंच्या तसं सांगते. ‘ही बाई गोड बोलते, पण खरं लपवते असं धरून चाल. संशय आला की लाल खूण कर.’ त्या आठवड्यात लेकीच्या कोपराला खरचटलं होतं. मावशींनी ते आपणहून सांगितलंही होतं. पण मन चिंती ते वैरी न चिंती.

तक्ता मी पाळणाघराच्या ग्रुपवर टाकला, बघून आया खूश. जुळ्यांची आई म्हणाली, “अगं, एकटीच काय वापरतेस? आम्हालाही दे की!” मी फुशारले. ‘प्रत शेअर करा’ दाबलं. अकरा जणींनी घेतली, आपापल्या मुलाचं नाव घातलं. दुसरा चौकोन उघडून बघायची कुणाला गरजच पडली नाही.

आठ दिवसांत अकरा फोनांवर लाल खुणा. मावशी म्हणाल्या ‘जरासा रडला’, लाल खूण. म्हणाल्या ‘आज छान झोपला’, तरी लाल खूण; खाली ओळ: माहिती लपवली जात असण्याची शक्यता.

“एआय उगाच म्हणेल का?” जुळ्यांची आई दारात माझ्या कानाशी लागली. “त्याला ना नातं ना गोतं.”

मला दुसऱ्या चौकोनातलं माझं वाक्य आठवलं. घरी येऊन मी ते वाक्य पुसलं. माझी लाल खूण गेली. वाटलेल्या प्रतींना त्याचा पत्ताच नव्हता. आणि मी, शहाणी, मूग गिळून बसले. चार दिवस. पाचव्या दिवशी जुळी आली नाहीत. आणखी दोघी दुसरं पाळणाघर बघतायत म्हणे.

त्या संध्याकाळी मावशींना आतल्या ओट्याशी गाठून मी लाल खुणांचं सांगितलं आणि पुसलेलं ते वाक्य पुन्हा लिहून फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं.

“हे मशीननं नाही लिहिलं?”

“नाही. मी.”

“आणि इतके दिवस सगळ्या माझ्याकडे चोरासारखं बघतायत, ते यावरून?”

“हो. मावशी, माझं फार...”

“मला कशाला सांगतेस? मी खोटं बोलत नाही हे मला ठाऊक होतं की.” त्यांनी बाहेरच्या खोलीकडे हनुवटी केली. तिथे आया मुलांना बूट घालत होत्या. “तिथं वाच.”

वाचलं. ‘गोड बोलते’सकट, सगळं.

“म्हणजे एआयनं काही शोधलंच नव्हतं?” एकीनं विचारलं.

“नाही. माझंच बोलणं तुमच्या फोनवर येत होतं.”

“तुला कधी कळलं?”

हाच प्रश्न मला नको होता. “पाच दिवस झाले.”

एकीनं मुलाचा उजवा बूट डाव्या पायात घातला, काढला, परत घातला. मला कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी लेकीला उचललं.

“जुळ्यांच्या आईकडे कधी जातेस?” मावशींनी विचारलं.

“आत्ताच. हिला घेते आणि...”

“हिला कशाला? कडेवर लेकरू बघून समोरच्याला धड रागावताही येत नाही. माफी मागायला चाललीस ना? मग एकटी जा.” त्यांनी हात पुढे केले. “दे इकडे.”

मी दिली. लेकीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी जुळ्यांच्या घरापर्यंत चालत गेले, बेल वाजवली, आणि दार उघडेपर्यंत रिकाम्या हातांचं काय करायचं ते मला कळेना.