आठशे वेळा पसरलेली साखळी

मित्रांनो, मी एक जुनी मोजणीची साखळी आहे, आणि मी भित्री आहे. लोखंडाच्या वस्तूने असे म्हणू नये, हे मला कळते. पण तुमच्यापुढे खोटा आव आणून काय करू? माझी लांबी सहासष्ट फूट. शंभर कड्या, दोन टोकांना दोन पितळी मुठी, आणि मधल्या सगळ्या लांबीत भीती.

सुरुवातीला मी अशी नव्हते. भट्टीतून निघाले, माझ्या कड्या एकमेकींत अडकवल्या, आणि मला मोजणी कचेरीच्या ओसरीवर आणले. तिथे फरशीत दोन पितळी खुणा बसवलेल्या होत्या. एका खुणेवर माझी एक मूठ धरून मला ताणले, तशी दुसरी मूठ दुसऱ्या खुणेवर अचूक बसली. "पक्की आहे," कचेरीतले तरुण मोजणीदार म्हणाले. त्या दोन शब्दांच्या जोरावर मी पस्तीस वर्षे काम केले. शेते मोजली, रस्ते मोजले, भावाभावांच्या भांडणात मधोमध पसरले. दरवर्षी मला त्या खुणांवर ताणून बघत आणि दरवर्षी मी पास होत असे.

मग टेपा आल्या. हलक्या, गुंडाळून खिशात मावणाऱ्या. कचेरीने मला निकालात काढले. त्याच वर्षी मोजणीदारही निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला मागून घेतले आणि घरी बाहेरच्या खोलीत खुंटीवर टांगले. घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघेच. मुलगी पुस्तके बांधण्याच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर उभे राहून पाने शिवायची आणि सकाळी कामावर जाण्याआधी पळायची. पळून आली की दारातच बुटांच्या नाड्या सोडत बडबडत असे.

"दहा किलोमीटर पळते तर अंगात आत्ता कुठे रंग भरतो आणि शर्यत संपते," ती एकदा म्हणाली. "हाफ मॅरेथॉनचे एकवीस पळते तर दोन दिवस जिना उतरता येत नाही. मधलं काही नाहीच का हो, बाबा?"

"आहे की. दहा मैल. म्हणजे सोळा किलोमीटर."

"कुठे असते ती?"

"कुठेच नाही. आपण घेऊ या."

मोजणीदारांना दहा मैल आवडण्याचे कारण मीच होते, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. एका मैलात मी बरोबर ऐंशी वेळा बसते, दहा मैलांत बरोबर आठशे वेळा. किलोमीटरमध्ये मी नीट बसतच नाही, काही ना काही उरते. मुलीची आवड वेगळी होती. ती म्हणायची, हाफ मॅरेथॉन म्हणजे दुसऱ्याच कशाचे तरी अर्धे. दहा मैल कुणाचेही अर्धे नाहीत. छाती फुटेपर्यंत पळावे लागते, आणि तरी दुसऱ्या दिवशी माणूस कामावर जाऊ शकतो.

शर्यतीचा रस्ता माझ्यानेच मोजायचे ठरले, पण त्याच्या आठवडाभर आधी घात झाला. तेल लावण्यासाठी मला अंगणात पसरले होते. एका हातगाडीचे चाक माझ्यात अडकले, गाडीवाल्याने ते सोडवायला हिसका दिला आणि मी तुटले. लोहाराने मला जोडले खरे, पण माझी मूळची कडी उडून कोळशाच्या ढिगात गेली होती. त्याने कोपऱ्यातल्या डब्यातून दुसरी काढली आणि बसवली. ती केवढी होती? मला कळले नाही. शंभरातल्या एका कडीत जरासा फरक पडला तरी आठशे वेळा पसरल्यावर तो केवढा होईल, या विचाराने माझा थरकाप उडाला.

मोजणीदार मला घेऊन जुन्या कचेरीत गेले. ओसरीवर नवी चकचकीत फरशी बसवली होती. पितळी खुणा तिच्याखाली गेल्या होत्या. त्यांनी त्या फरशीवर एकदा पाय घासून बघितला आणि मला घेऊन घरी आले.

तुम्ही म्हणाल, टेप आणून मला मोजायचे होते. मीही तेच म्हणत होते. पण मोजणीदारांचा टेपेवर राग होता. शिवाय खरे सांगू? ज्या गोष्टीची फार भीती वाटते, ती तपासून बघायला माणसे धजत नाहीत.

आम्ही तीन सकाळी शर्यतीचा रस्ता मोजला. मुलगी माझी पुढची मूठ धरून चालायची, मला ताणायची आणि डांबरावर खडूने रेघ मारायची. मोजणीदार मागची मूठ घेऊन त्या रेघेशी येऊन बसायचे. ते मूठ रेघेवर टेकवत नसत. रेघ आणि मूठ यांच्यामध्ये त्यांचा अंगठा आडवा असे. मला वाटले, वय झाले, आधाराला बोट लागत असेल. आठशे वेळा तो अंगठा मला लागला आणि आठशे वेळा मी एकच विचार करत होते, मी कमी भरते आहे, मी कमी भरते आहे.

शर्यत सुरू झाली आणि बघता बघता नावारूपाला आली. लोक दोन-दोन बस बदलून येऊ लागले. "पाच सापडते, दहा किलोमीटर सापडते, एकवीस तर पैशाला पासरी," एक लांबून आलेला न्हावी आमच्या खोलीत चहा पिता पिता म्हणाला. "दहा मैल मात्र तुमच्याकडेच. वर्षभर वाट बघतो आम्ही." सगळे खुंटीकडे बघत, कुणी माझ्या कड्यांवरून हात फिरवत. कौतुक झाले की मला जास्तच धडकी भरे. यांना कळले तर?

दीड तासाच्या आत येणाऱ्याचे नाव एका लाकडी फळ्यावर रंगवण्याची पद्धत पडली. तो फळा माझ्या समोरच्या भिंतीवर होता. मुलीला त्या फळ्यावर यायचे होते. तिसऱ्या वर्षी ती आयुष्यातली सर्वांत चांगली शर्यत पळाली आणि एक तास, तीस मिनिटे, चार सेकंदांत पोचली. चार सेकंद! त्या दिवशी घरी आल्यावर ती बुटांच्या नाड्या न सोडता तशीच आत गेली. मोजणीदार तर तिच्याकडे बघतही नव्हते. बाप आहे, पोरीचे दुःख बघवत नसेल, असे मला वाटले. पुढे तिचा गुडघा दुखायला लागला. ती पळत राहिली, पण इतक्या जवळ पुन्हा कधी आली नाही.

अशी सव्वीस वर्षे गेली. मोजणीदार शहाऐंशीचे झाले, मुलगी पन्नाशीची. माझ्यावर धूळ बसली, गंज चढला, कुणाचे लक्ष राहिले नाही. मला ते बरेच वाटे. दुर्लक्ष झालेल्या वस्तूला कुणी मोजत नाही.

मग यंदा बुटांच्या दुकानाचे मालक शर्यतीच्या समितीचे अध्यक्ष झाले. समिती आमच्याच खोलीत बसते, त्यामुळे मला सगळे ऐकावे लागले.

"ताई, आता मैल कुणाला कळतात?" ते मुलीला म्हणाले. "दहा किलोमीटर करू. तिप्पट माणसं येतील, रस्ता तासाभरात मोकळा."

"दहा किलोमीटर गल्लीबोळात होते. ही एवढी एकच आहे," मुलगी म्हणाली.

"आणि हे दहा मैल तरी पुरे आहेत का? सव्वीस वर्षांपूर्वी एका साखळीने मोजलेले! आधी नीट मोजून घेऊ. कमी भरले तर आजवरच्या सगळ्या वेळा रद्द, पुढच्या वर्षीपासून दहा किलोमीटर, आणि ही साखळी भंगारात. पुरे भरले तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. शब्द माझा."

माझ्या कड्या वाजल्या. वाऱ्याने वाजल्या असे सगळ्यांना वाटले. मोजणीदार खुर्चीत बसून होते. त्यांनी चहा न पिताच कपबशी खाली ठेवली.

मोजणी खात्यातले नवे साहेब पोलादी टेप घेऊन आले आणि दोन दिवस रस्ता मोजत राहिले. ते दोन दिवस मी कसे काढले, ते माझे मला ठाऊक. न्हावी आठवला. फळ्यावरचे एकेक नाव वाचले आणि मनातल्या मनात प्रत्येकाची माफी मागितली. मोजणीदारांनी दोन्ही दिवस जेवणाला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब खोलीत आले. "कमी नाही," ते म्हणाले. "जास्त आहे. दहा मैल आणि वर सोळा मीटर."

मला काही समजेना. मी कमी भरत असेन तर रस्ता जास्त कसा?

"साखळी ताणली गेली असेल," साहेब म्हणाले. त्यांनी मला खुंटीवरून काढले, अंगणात पसरले आणि शेजारी टेप लावली. मी डोळे मिटून घेतले असते, पण मला डोळे नाहीत. "छे! सहासष्ट फूट. ना कमी ना जास्त. साखळी पक्की आहे."

सव्वीस वर्षांनी ते दोन शब्द ऐकले आणि मी होते तिथेच पडून राहिले.

मुलगी मात्र टेपेकडे बघत होती. तिने साहेबांच्या कागदाच्या कडेला भागाकार केला. "सोळा मीटर, आठशे वेळा. म्हणजे दर वेळी दोन सेंटिमीटर." ती दाराकडे वळली. मोजणीदार चौकट धरून उभे होते. "बाबा, अंगठा बघू."

मोजणीदारांनी अंगठा मुठीत लपवला.

"साखळी तुटून आली होती गं," ते म्हणाले. "कमी भरली असती तर लोक म्हणाले असते, जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि स्वतःची शर्यत खोटी. म्हणून दर वेळी अंगठाभर पदरचं घातलं."

"मग मी चार सेकंदांनी हुकले त्या वर्षी मला का नाही सांगितलंत?"

"तोवर साखळीची भीती मागे पडली होती. तुझी वाटायला लागली."

बुटांच्या दुकानाचे मालक बोटांवर हिशेब करत होते. एकदम ओरडले, "ताई, सोळा मीटर म्हणजे तुमचे पाच सेकंद! तुम्ही दीड तासाच्या आत होतात!"

तिने ऐकले की नाही, कोण जाणे. ती बापाचा दंड धरून त्याला खुर्चीपाशी घेऊन गेली. "चार सेकंदांचं मला काही नाही," ती म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "नाही, आहे. खूप आहे. मी किती रडले तेव्हा! पण तेवीस वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसून जेवताय, बाबा. दर घासाला घाबरत होतात?"

"दर घासाला नाही," मोजणीदार हळूच म्हणाले. "शर्यतीच्या महिन्यात जास्त."

ती हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू कोसळले. साहेब आणि मालक अंगणात जाऊन उगाचच टेप गुंडाळत बसले.

मालकांनी शब्द पाळला. शर्यत दहा मैलांचीच राहिली, शेवटची रेघ सोळा मीटर अलीकडे आली. फळ्यावर मुलीचे नाव घालायचे ठरले, तेव्हा ती म्हणाली, माझे एकटीचे नको, आधी वेळा लिहिलेल्या जुन्या वह्या काढा. त्यात पाच सेकंदांच्या आत हुकलेले आणखी दोघे सापडले. एक तर तो न्हावीच. त्याला पत्र गेले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी जुनी वस्तू असेल तर तिला तेल लावा, कोरडी ठेवा, अंगणात पसरून विसरू नका. आणि एकदा खऱ्या मापाशी लावून बघा. पाच मिनिटांचे काम आहे. ते झाले नाही म्हणून मी सव्वीस वर्षे स्वतःला खोटी समजत राहिले आणि एक बाप स्वतःच्या लेकीला घाबरत राहिला. माझा इलाज नव्हता, मला तोंड नाही. त्यांना होते.